हँडलवरचा हात दिसतो, फोन वाजवणारा दिसत नाही



कल्याण पूर्वेतील एका बुद्धविहारात दर रविवारी आम्ही तरुणांचा अभ्यासवर्ग घेतो. मध्यंतरी एका रविवारी विषय होता संविधानातील मूलभूत हक्क. वर्ग सुरू होण्याआधीच एका मुलाने आपला मोबाईल आमच्यापुढे धरला. त्यावर ई-चलान आले होते. गाडी चालवताना मोबाईल वापरला म्हणून एक हजार रुपये दंड. मुलगा बी.कॉम. झालेला आहे. नोकरी मिळाली नाही म्हणून तीन वर्षे मोटारसायकलवरून घरोघरी जेवण पोहोचवतो. तो म्हणाला, "दादा, ऑर्डर फोनवर येते, पत्ता फोनवर येतो, गिऱ्हाईक फोनवरच विचारतं, कुठे पोचलास. फोन उचलला तर पोलिसांचा दंड, नाही उचलला तर रेटिंग पडतं. हा कायदा गरिबाच्या विरोधात आहे."

मागे बसलेली एक मुलगी लगेच उभी राहिली. तिचे वडील सफाई कामगार. पहाटे रस्ता झाडत असताना फोनवर बोलत आलेल्या एका दुचाकीस्वाराने त्यांना उडवले होते. त्यांचा पाय आजही नीट टेकत नाही. ती म्हणाली, "माझ्या बाबांना येऊन विचार, कायदा कुणाच्या विरोधात आहे ते."

वर्गात दोन तट पडले. मूलभूत हक्कांचा विषय त्या दिवशी बाजूला राहिला, असे काहींना वाटले. आम्हाला वाटते, त्या दिवशी खरा विषय तोच निघाला. गाडीवरचा मुलगाही आपला आणि झाडू हातात असलेला बापही आपलाच. मग या कायद्याकडे आंबेडकरी माणसाने कसे पाहावे? घाईने एका तटात उभे राहण्यापेक्षा हा कायदा कसा घडत गेला ते आधी पाहू.

फोन साहेबाचा होता तेव्हा

मोटारींसाठी अखिल भारतीय स्वरूपाचा पहिला कायदा इंग्रज सरकारने १९१४ साली केला. आपल्या कल्याणचा जुना पत्रीपूल बांधला गेला तेच हे वर्ष. त्यानंतर १९३९ साली दुसरा मोटार वाहन कायदा आला. आज जो लागू आहे तो १९८८ चा, आणि त्याची अंमलबजावणी १ जुलै १९८९ पासून सुरू झाली. हे तिन्ही कायदे झाले तेव्हा त्यांत मोबाईलचा उल्लेख असण्याचे कारणच नव्हते, कारण देशात मोबाईल सेवाच नव्हती. भारतातला पहिला मोबाईल कॉल झाला ३१ जुलै १९९५ रोजी. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी तो केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना केला होता.

त्या काळात मोबाईल कुणाकडे असे, हे आपल्या मोठ्या भावंडांना विचारा. येणाऱ्या कॉलचेही पैसे पडत. ठाण्यात किंवा डोंबिवलीत ज्याच्या हातात मोबाईल तो बिल्डर, कारखानदार नाहीतर पुढारी. आपल्या चाळीतली माणसे नाक्यावरच्या पीसीओवर रांग लावत. म्हणजे गाडी चालवताना फोनवर बोलणारा माणूस तेव्हा मोटारीत बसलेला साहेब होता आणि त्याच्यापुढून जीव मुठीत धरून रस्ता ओलांडणारा माणूस आपला होता.

या साहेबासाठी कायद्यात काय होते? कलम १८४ होते, धोकादायक रीतीने वाहन चालवण्याचे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड. पण त्यात फोन हा शब्द नव्हता. फोनवर बोलणे म्हणजेच धोकादायक चालवणे, हे प्रत्येक वेळी नव्याने सिद्ध करावे लागे. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या २१ व्या नियमात लायसन्स काढून घेण्याच्या कारणांमध्ये मोबाईलचा वापर नंतर घातला गेला, पण रोजच्या व्यवहारात प्रकरण किरकोळ दंडाची पावती फाडून मिटे. साहेबाला तो दंड म्हणजे एका वेळच्या नाश्त्याचे बिल.

मग फोन स्वस्त झाला. मे २००३ पासून येणारा कॉल फुकट झाला. हँडसेट स्वस्त झाले, पुढे इंटरनेटही स्वस्त झाले. फोन चैनीची वस्तू राहिला नाही, पोट भरण्याचे साधन झाला. रिक्षावाला, टेम्पोवाला, पार्सल पोहोचवणारा, घरोघरी जाऊन पाण्याचे फिल्टर दुरुस्त करणारा, या सगळ्यांच्या धंद्याची चावी त्यात गेली. आणि कायदा खऱ्या अर्थाने कडक झाला तो याच काळात. यात कुणाचा कट होता असे आम्ही म्हणत नाही. पुराव्याशिवाय कट दिसू लागणे ही आंबेडकरी पद्धत नव्हे. पण परिणाम डोळ्यांसमोर आहे. फोन साहेबाच्या मोटारीत होता तेव्हा दंड नावापुरता होता. तो आपल्या पोराच्या हँडलवर आला तेव्हा दंड त्याची दिवसाची कमाई घेऊन जाऊ लागला.

बंदी का योग्य आहे

इथे थांबून कुणी म्हणेल, मग कायदाच रद्द करा. आमचे मत तसे नाही, आणि त्याची कारणे आहेत.

फोनचा धोका पोलिसांनी कल्पनेतून काढलेला नाही. कॅनडात टोरांटोमधील संशोधकांनी १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या गाडीला अपघात झाला त्यांचे त्या दिवशीचे फोनचे तपशील त्यांनी तपासले. गाडी चालवताना फोनवर बोलणाऱ्याला टक्कर होण्याचा धोका सुमारे चौपट असतो, असे त्यांना आढळले. कानाला न लावता बोलण्याच्या साधनाने धोका कमी होतो, असे मात्र दिसले नाही. अडचण हातात नसून मनात आहे. डोळे रस्त्यावर असतात आणि लक्ष बोलण्यात. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने २००१ साली आणि ब्रिटनने १ डिसेंबर २००३ पासून हातात फोन धरून गाडी चालवण्यावर बंदी आणली.

साधा हिशेब करा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. आलेला मेसेज वाचायला तीन सेकंद लागले तर ३३ मीटर रस्ता आपण आंधळेपणाने कापतो. कोळसेवाडीच्या कुठल्याही गल्लीत ३३ मीटरमध्ये किती माणसे असतात, हे आम्ही सांगायला नको. शाळेत जाणारी मुले, भाजीवाली मावशी, कामावरून सुटलेली बाई, सगळी त्या ३३ मीटरमध्ये असतात.

आता मेलेली माणसे कोण आहेत ते पाहा. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती आणि साधारण पाचातला एक माणूस रस्त्याने पायी चाललेला होता. मोटारीत एअरबॅग असते. पायी चालणाऱ्याच्या अंगावर फक्त कपडे असतात. पायी कोण चालतो, सायकल कोण चालवतो, पहाटे रस्ता कोण झाडतो, फूटपाथवर कोण झोपतो? समाजशास्त्राची पदवी नसलेल्या माणसालाही याचे उत्तर ठाऊक आहे.

याच अहवालांमध्ये २०२१ साली मोबाईलच्या वापरामुळे झालेले अपघात १,९९७ आणि त्यांतले मृत्यू १,०४० दाखवले आहेत. एकूण मृत्यूंच्या मानाने हा आकडा लहान दिसतो. पण अपघातानंतर "मी फोनवर बोलत होतो" असे स्वतःहून कोण कबूल करतो? मेलेला माणूस तर सांगूच शकत नाही. त्यामुळे हा आकडा कमीत कमी समजायचा.

म्हणून त्या मुलीचे म्हणणे खरे आहे. जगण्याचा हक्क देणारे संविधानाचे कलम २१ रस्त्यावर पायी चालणाऱ्यालाही लागू आहे, आणि मोबाईलबंदीचा कायदा हा त्या हक्काचे रक्षण करणाऱ्या कायद्यांपैकी एक आहे. तो आपल्या माणसांसाठी आहे. त्याला विरोध करणे म्हणजे आपल्याच बापाच्या अंगावरून जाणे.

दंड वाढला, पण कसा

आता त्या मुलाच्या म्हणण्याकडे येऊ. रस्ता सुरक्षेच्या एका जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली न्या. के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या समितीने २०१५ साली सर्व राज्यांना कळवले की काही ठरावीक गुन्ह्यांत लायसन्स किमान तीन महिने निलंबित करावे. सिग्नल तोडणे, अतिवेग, दारू पिऊन चालवणे यांच्याबरोबर मोबाईलचा वापरही त्या यादीत होता.

त्यानंतर २०१९ साली संसदेने मोटार वाहन दुरुस्ती कायदा केला. कलम १८४ मध्ये धोकादायक चालवणे म्हणजे काय याचे स्पष्टीकरण आले आणि हातात धरून वापरायची संपर्क साधने त्यात पहिल्यांदा थेट लिहिली गेली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड. १ सप्टेंबर २०१९ पासून हे देशात लागू झाले.

महाराष्ट्रात मात्र नाही. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. तेव्हाच्या सरकारने वाढीव दंडाची अंमलबजावणी थांबवली. नंतर सरकार बदलले तरी निर्णय लांबतच राहिला. शेवटी डिसेंबर २०२१ मध्ये राज्यात नवे दर आले. मोबाईलसाठी दुचाकीला १,०००, चारचाकीला २,००० आणि इतर वाहनांना ४,००० रुपये.

या दोन वर्षांत काय व्हायला हवे होते? पोटासाठी फोन वापरणाऱ्यांचे काय करायचे, त्यांच्या मालकांवर कोणती जबाबदारी टाकायची, यावर चर्चा व्हायला हवी होती. कामगार संघटना, रिक्षा संघटना, कंपन्या यांना एका टेबलावर बसवायला हवे होते. झाले इतकेच की मते जातील म्हणून दंड थांबवला आणि निवडणुका उरकल्यावर आणला. थांबवताना गरीब आठवला नव्हता, मतदार आठवला होता. आणतानाही गरीब आठवला नाही.

मध्ये केंद्राने एक सवलत दिली. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार फोनचा वापर फक्त रस्ता पाहण्यासाठी, तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, करता येतो. हे कामाचे आहे. आपल्या मुलांनी हे लक्षात ठेवावे. फोन होल्डरमध्ये लावून नकाशा पाहणे वेगळे आणि हातात धरून बोलणे वेगळे. पण याच होल्डरमधल्या फोनवर, नकाशाच्या वरच, नवी ऑर्डर टुणकन येते. ती काही सेकंदांत स्वीकारायची असते. मग बोट हँडल सोडून पडद्यावर जाते. कायदा म्हणतो फक्त नकाशा पाहा. कंपनीचे ॲप म्हणते इकडेही पाहा. दंड कुणाला? बोट ज्याचे त्याला.

कायद्याला मालक दिसतो, पण एका कलमातच

इथे आम्हाला एक गोष्ट तरुण कार्यकर्त्यांच्या खास लक्षात आणून द्यायची आहे. कारण कायदा गरिबाच्या विरोधात आहे असे नुसते म्हणून चालत नाही, तो नेमका कुठे अपुरा आहे हे बोट ठेवून दाखवावे लागते.

याच कायद्यातले कलम १८३ वाचा. ते अतिवेगाबद्दल आहे. त्यात फक्त चालवणारा दोषी नाही. आपल्या नोकराला किंवा आपल्या नियंत्रणाखालच्या माणसाला वेगमर्यादा मोडायला लावणाराही दोषी आहे. त्यातलेच पुढे येणारे एक पोटकलम आणखी महत्त्वाचे आहे. ठरावीक वेळेत प्रवास पुरा करा असे वेळापत्रक कुणी काढले किंवा तसा हुकूम दिला, आणि वेग मोडल्याशिवाय ते शक्यच नाही असे न्यायालयाला वाटले, तर ते वेळापत्रक किंवा तो हुकूम हाच देणाऱ्याच्या गुन्ह्याचा प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. म्हणजे घड्याळ लावणाराही गुन्हेगार ठरू शकतो, हे कायद्याला कळते. हे लिहिताना बस आणि ट्रकचे मालक डोळ्यांपुढे असणार. पुढे दहा मिनिटांत घरपोच देण्याचे वचन देणारे आले. कंपन्या म्हणतात, आम्ही कुणालाही जोरात चालवायला सांगत नाही. ठीक आहे. मग प्रत्येक फेरीची वेळ, गाडीचा वेग, उशीर झाल्यावर पडलेले रेटिंग, हे सगळे त्यांच्याच संगणकात नोंदलेले आहे. ते न्यायालयापुढे ठेवावे आणि न्यायालयाने ठरवावे.

आता लगेच पुढचे कलम १८४ वाचा, मोबाईलचे. तिथे हा मालक एकदम गायब होतो. फक्त चालवणारा उरतो. चालत्या गाडीवरच्या माणसाला जाणूनबुजून फोन करणारा, मेसेज टाकणारा, उत्तर दिले नाही म्हणून कमाई कापणारा तिथे दिसत नाही. ज्या कायद्याला वेगाच्या बाबतीत मालक दिसतो त्याला फोनच्या बाबतीत तो का दिसू नये?

तरीही दार पूर्ण बंद नाही. कलम १८८ सांगते की १८४ च्या गुन्ह्याला चिथावणी किंवा मदत करणाऱ्याला मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा आहे. हे कलम कागदावर आहे. ते मालकाच्या दारापर्यंत नेणे सोपे नाही, कारण चिथावणी सिद्ध करावी लागते आणि त्यासाठी पुरावे, वकील आणि संघटना लागते. पण आपल्या चळवळीत वकील आहेत आणि कायदा शिकणारी मुलेही आहेत. त्यांनी यावर डोके लावावे, असे आमचे आवाहन आहे.

कामाच्या तासांचेही तसेच आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ४८ वर आले. स्वातंत्र्यानंतर १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकांनाही दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा दिली. पण त्यासाठी माणूस कामगार म्हणून नोंदलेला लागतो. आमच्या वर्गातला मुलगा कागदावर कामगार नाही, कंपनीचा 'पार्टनर' आहे. बारा-बारा तास रस्त्यावर असलेला पार्टनर. कामगाराची सोय संविधानाच्या कलम ४३ मध्ये सांगितली आहे, पण त्याचे नाव बदलले की सोय संपते. नाव बदलून हक्क काढून घेण्याची युक्ती या देशात नवी नाही, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक असणार?

चाळीसगावचा टांगा

वाहन, चालक आणि अपघात यांबद्दल बाबासाहेबांचा स्वतःचा अनुभव आहे. इंग्रजीत लिहिलेल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात त्यांनी तो सांगितला आहे. आपल्या तरुणांपैकी अनेकांनी तो वाचला असेल, पण अपघाताची चिकित्सा म्हणून तो पुन्हा वाचावा.

साल १९२९. अस्पृश्यांच्या तक्रारी तपासण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते. त्या कामासाठी ते खानदेशात गेले आणि चाळीसगावला उतरले. स्टेशनवरून महारवाड्यात नेण्यासाठी लोक टांगा शोधू लागले. बराच वेळ गेला. शेवटी टांगा आला. थोडे अंतर जात नाही तोच तो एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरच्या कठडा नसलेल्या मोरीवर त्याचे चाक दगडाला लागले. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, टांगा घोड्यासकट खाली नदीत गेला. बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले.

अपघाताचे कारण काय? आजच्या पंचनाम्यात एक ओळ आली असती : चालकाचा निष्काळजीपणा. पण बाबासाहेबांनी चौकशी केली तेव्हा कळले की अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकणे कमीपणाचे, म्हणून सगळ्या टांगेवाल्यांनी नकार दिला होता. शेवटी तडजोड झाली. मालक टांगा देईल, पण स्वतः हाकणार नाही. मग महारवाड्यातल्या एकाने लगाम हातात घेतला. त्याला टांगा हाकता येत नव्हता. तो त्यांचा धंदाच नव्हता.

या प्रसंगातून दोन धडे मिळतात आणि दोन्ही एकदम घ्यावे लागतात. पहिला असा की लगाम ज्याच्या हातात तो एकटाच जबाबदार नसतो. त्या नवशिक्याला तिथे बसवणारा जातीचा नकार हा अपघाताचा खरा कर्ता होता. दुसरा धडा आपल्याला टोचणारा आहे. बाबासाहेबांनी आपल्या माणसांनाही सोडले नाही. पाहुण्याने पायी जाऊ नये, त्याचा मान राहावा, या भावनेत प्रवाशाचा जीव मानापेक्षा मोठा आहे हे आपले लोक विसरले, असे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. प्रेम होते, आदर होता, तरीही चूक ती चूकच.

आमच्या वर्गातल्या वादाचे उत्तर इथे आहे. मुलगा बरोबर आहे, कारण त्याचा फोन वाजवणारा कायद्याच्या कलमात नाही. मुलगी बरोबर आहे, कारण फोन कुणीही वाजवो, रस्त्यावरच्या माणसाचा जीव आधी. पहिला धडा घेऊन दुसरा टाकणारा स्वतःच्या चुकीला व्यवस्थेच्या नावाखाली लपवतो. दुसरा घेऊन पहिला टाकणारा 'या लोकांना शिस्तच नाही' म्हणणाऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसतो. आपण या दोन्हीत नाही.

आधी आपल्या घरापासून

आता थोडे आपल्याबद्दल. १४ एप्रिलच्या मोटारसायकल रॅलीत आपण काय पाहतो? एका हातात निळा झेंडा, दुसऱ्या हातात मोबाईल, चालत्या गाडीवर रील. १ जानेवारीला भीमा कोरेगावला निघालेली मुले मुरबाडहून माळशेज घाट चढताना कानाला फोन लावून बोलत असतात. गाडीवर बाबासाहेबांचे चित्र आहे आणि चालकाचे लक्ष व्हिडिओत आहे. अशा अपघातात कुणाचा जीव गेला तर त्याला आपण कोणत्या व्यवस्थेचा बळी म्हणणार?

पंचशीलातले पाचवे शील आपण रोज म्हणतो. मद्य का टाळायचे? कारण ते प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, जागा देते. कायद्यातही दारूचे कलम १८५ आणि मोबाईलचे कलम १८४ शेजारी शेजारी आहेत. धम्मपदाचा एक अख्खा वर्ग अप्रमादाला दिलेला आहे. चालत्या गाडीवर फोन बघणे हा प्रमाद आहे, मग बघणारा निर्व्यसनी का असेना. दारू न पिणाऱ्या उपासकाने याचा विचार करावा.

आणि घरातल्यांनीही करावा. पोरगा कामावर निघाल्यावर दर पंधरा मिनिटांनी "कुठे आहेस रे?" म्हणून फोन करणारे आपणच आहोत. उचलला नाही तर पुन्हा करतो. कंपनीला जे सांगायचे ते आधी स्वतःला सांगू : तो गाडीवर असताना फोन वाजवणार नाही. त्याने ठिकाणावर पोहोचून मग करावा.

मग करायचे काय

आमच्या वर्गाने त्या दिवशी बोलून काही गोष्टी ठरवल्या. त्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या सगळ्या कार्यकर्त्यांपुढे ठेवतो.

एक, मोबाईलबंदीला विरोध करायचा नाही. आपल्या प्रत्येक रॅलीच्या सूचनांत पहिली सूचना हीच : चालकाचा फोन खिशात, चित्रण मागे बसलेल्याने किंवा रस्त्याकडेला थांबून.

दोन, चाके फिरत असताना ॲपवर नवी ऑर्डर आणि कॉल येऊ नयेत, गाडी थांबल्यावरच यावेत, अशी सक्ती कंपन्यांवर करावी. गाडी चालते आहे की थांबली, हे त्यांना प्रत्येक क्षणी दिसत असते. गिऱ्हाईकाला नकाशावर गाडी सरकताना दाखवता येते, तर चालकाला शांततेत चालवू देणेही जमले पाहिजे.

तीन, कलम १८३ मधले मालकाच्या जबाबदारीचे तत्त्व कलम १८४ मध्ये आणावे. ही मागणी निवेदन म्हणून आपल्या खासदारांकडे द्यायची आहे. फोन वाजवणाऱ्याला कायद्यात आणण्याचा हा सरळ रस्ता आहे.

चार, चलान आले की घाबरून लपवायचे नाही. फोटो उघडून पाहायचा. ऑगस्ट २०२१ च्या केंद्रीय नियमाने कॅमेऱ्यात पकडलेल्या गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत पाठवणे बंधनकारक केले. चूक आपली असेल तर दंड भरायचा. फोटोत फोन होल्डरमध्ये असेल आणि नकाशाच दिसत असेल तर हरकत घ्यायची. त्यासाठी दर रविवारी विहारात एक वकील मित्र बसणार आहे.

पाच, शिस्त एकतर्फी नको. २०१९ च्या त्याच दुरुस्तीने कलम १९८अ आणले. रस्ता सदोष ठेवल्याने जीव गेला किंवा अपंगत्व आले तर रस्त्याची जबाबदारी असलेल्या यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. २०१८ च्या पावसाळ्यात कल्याणच्या खड्ड्यांनी माणसे मारली, ते आपण विसरलेलो नाही. १८४ ची चलाने रोज निघतात. १९८अ खाली आपल्या शहरात किती कारवाया झाल्या, हा प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारायचा आहे. अर्ज तयार आहे, सह्यांना या.

वर्ग संपल्यावर तो मुलगा त्या मुलीजवळ गेला आणि वडिलांची तब्येत कशी आहे म्हणून विचारले. ती म्हणाली, "पहाटे पुन्हा कामावर जातात. तू जपून चालव." त्याने चलान भरले. चूक त्याची होती, फोटोत फोन हातात होता. पण सह्यांच्या कागदावर पहिली सहीही त्याचीच आहे आणि दुसरी तिची.

चाळीसगावच्या मोरीवर पडलेल्या माणसाने पुढे या देशाचे संविधान लिहिले. रस्त्यावर पडणारा आपला कुठला मुलगा काय झाला असता, हे आपल्याला कधीच कळणार नाही. म्हणून फोन खिशात ठेवा आणि प्रश्न मात्र मोठ्याने विचारा.

जय भीम! नमो बुद्धाय!